वाळल्यावर एक बोट कमी

१

हिंगोलीच्या वेशीबाहेर, कयाधूच्या काठाला, दोन भावांचं कवेलू, म्हणजे छपराची कौलं, थापायचं रान होतं. रान कसलं, नदीचा गाळ साचलेली एक सपाट पट्टी, कडेला भट्टी, आणि हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर घर. आता त्या रानात चाँद पाशा एकटाच थापत होता. थोरला भाऊ कादर होळीच्या आधी गेला.

काम ठरलेलं होतं. पहाटे गाळ तुडवायचा, त्यात घोड्याची लीद कालवायची, गोळा फळीवर घेऊन भाकरीसारखा सपाट पसरायचा, कडा कापायच्या. मग ती ओली पोळी उचलून अर्धगोल लाकडी साच्यावर पालथी घालायची, वरून लाकडी थापीनं चोपायची, अलगद साचा ओढून घ्यायचा आणि कवेलू उन्हात पालथंच ठेवायचं. दुपारपर्यंत रांगाच्या रांगा लागायच्या. पालथ्या घातलेल्या होड्यांसारख्या दिसायच्या त्या.

थापी मात्र ज्याची त्याची. वर्षानुवर्षं धरून मुठीला बोटांचे खळगे पडतात, आणि दुसऱ्याची थापी हातात घेतली की तासाभरात फोड येतात. ओसरीवर दोन खिळ्यांना दोन थाप्या टांगलेल्या असत. कादरच्या मुठीचे खळगे रुंद होते. करंगळीचा खळगा तेवढा तिरका, कारण लहानपणी बैलानं तुडवलेली त्याची करंगळी कधी सरळ झाली नव्हती. ती थापी आता हलतच नव्हती. चाँद तिच्याकडं न बघता आपली काढून घ्यायचा.

घर साधंच होतं, पण त्याच्या छपराची गोष्ट सेनगावापर्यंत ठाऊक होती. कादरला कुस्तीचं वेड होतं. गाजलेल्या माणसांच्या सह्या घेणारे शौकीन शहरांत असतात म्हणे. पण या मुलखातले पहिलवान सही कुठून करणार, आणि केली तरी कादरला ती वाचता कुठं येत होती? म्हणून तो त्यांचे पंजे घ्यायचा. ओली पोळी फळीवर, तिच्यावर भिजलं गोणपाट, अशी फळी घेऊन तो जत्रेच्या फडात जायचा. कुस्ती सुटली की जिंकलेल्या गड्याला म्हणायचा, “पहिलवान, हात ठेवा.” तांबड्या मातीनं भरलेला घामेजला पंजा पोळीत रुतायचा. घरी आणून ती पोळी साच्यावर घातली की पंजा आतल्या बाजूला जायचा. पावसानं झिजू नये म्हणून. पण कवेलू वाकलं की पंजाही जरासा मिटायचा. खाटेवर उताणं पडलं की सगळं छप्पर भरून हात दिसायचे, खाली वाकलेले, काहीतरी धरायला निघालेले.

लहानपणी फळी चाँदच्या डोक्यावर असायची. गर्दीतून वाट काढत तोच सगळ्यांच्या पुढं पळायचा, आणि रात्री भाईच्या कुशीत पडून एकेका हाताचं नाव घोकायचा. पुढं मिसरूड फुटलं तसं ते वेड उतरत गेलं. ज्यांचे पंजे छपरात होते ते पहिलवान थकले, हरले, कुणी बाजारात हमाली करू लागले. नवे आले त्यांची नावं चाँदच्या ध्यानात राहीनात. कादर मात्र आला हंगाम की फळी भिजवायचाच.

यंदा जवळा बाजारच्या पल्याडच्या एका जत्रेला निघताना त्यानं विचारलं, “येतू का रं?”

“किती दिस पंजे गोळा करून राहायला तू? लेकरू हायेस का, भाई?” चाँद म्हणाला. “मला कट्टाळा आला.”

कादर हसला. “एकच जागा राहिली छपरात. खाटेच्या बराबर वरची. ती भरली की सोडतो बघ.”

त्या जत्रेत पटकी आली. निरोप मिळून चाँद पोचला तोवर लोकांनी कादरला तिथंच दफन केलं होतं. चाँदनं भावाचं तोंड पाहिलं नाही, हात पाहिला नाही. पाहिली ती ओल्या मातीची लांबट ढेप, कुणीतरी फावड्याच्या पाठीनं चोपून सारखी केलेली. फळी कुठं गेली तेही कुणाला सांगता आलं नाही.

२

वैशाखातली दुपार होती. सकाळची कवेलं कातड्यासारखी घट्ट झाली होती, आणि ती उचलून कडेवर उभी करायची वेळ झाली होती. चाँद एकेक उचलत गेला. रांगेच्या शेवटचं उचललं आणि त्याचा हात थांबला.

आतल्या बाजूला पंजा होता.

आधी त्याला हसूच आलं. तांड्यावरचं एखादं पोरगं येऊन खोडी करून गेलं असणार. मग त्याच्या ध्यानात आलं, कवेलू पालथं होतं. आत हात घालायचा तर ते उचलावं लागतं, आणि ओलं कवेलू उचललं की दबतं, कडा फाकतात. याच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या नीट होत्या. शिवाय सकाळी पोळी साच्यावर घालताना ती कोरी होती. त्यानंच तर घातली होती.

त्यानं कवेलू उजेडात धरलं. चार बोटं सरळ होती. करंगळी आत वळलेली, तिरकी.

तो तिथंच तापल्या मातीत बसला. भीती पुष्कळ नंतर आली. आधी आला तो आनंद, छातीत न मावणारा. एवढ्या साऱ्या हातांच्या छपराखाली त्याच्या भाईचा हात नव्हता. कादर पहिलवान नव्हता, त्यामुळं त्याचा पंजा घ्यायचं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गेल्यापासून रोज चाँदला हीच एक गोष्ट खात होती, की भाईचा म्हणून हात ठेवावा असं काही घरात उरलं नाही. आणि ते आता त्याच्या मांडीवर होतं.

त्यानं ते गोणपाटात गुंडाळून भट्टीमागच्या सावलीत लपवलं. अम्माला सांगितलं नाही. घरी आला तेव्हा दुपारचं पाणी दारात तयार होतं. कादरची बायको जाहेदा इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या महिन्यांत, होती. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. दीर झाला तरी परकाच. म्हणून आतल्या दाराला गोणपाटाचा पडदा लावला होता. रोज दुपारी ती पडद्याखालून तांब्या सरकवायची, चाँद बाहेरून हात पुढं करून घ्यायचा. तिला त्याचा हात दिसायचा, त्याला तिच्या बांगडी नसलेल्या मनगटाचा थोडा भाग.

“चाँद,” पडद्याआडून ती म्हणाली, “आता जरा आधी थापत होते का तुमी?”

“न्हाई भाभी. कवेलं उचलून राहिलो होतो. काहून?”

तिनं तांब्या पुढं सरकवला.

“थापीचा आवाज येत होता. वरून.”

३

दोन दिवसांनी देवला आला. देवला तांड्यावरचा. कधीकाळी पंचक्रोशीत त्याच्या पाठीला माती लागली नव्हती. आता गुडघ्यांनी दगा दिला होता आणि पोट पुढं आलं होतं. त्याला गोठ्यासाठी कवेलं पाहिजे होती, पण आल्या आल्या तो ओसरीवरच्या छपराखाली जाऊन मान वर करून उभा राहिला.

“ह्यो माझा. व्हय ना?”

“तुमचाच, काका.”

देवलानं हात वर करून आपल्याच पंजावर आपला पंजा लावला. बोटं चहूकडून बाहेर राहिली. “बघ की! माझा हात वाढला म्हणावं का कवेलू आटलं?”

“आटतंच. भाई म्हणायचा, वाळल्यावर एक बोट कमी. भट्टीत आजून जरा.”

“तुझ्या भाईनं मला लेकराएवढा करून टाकला की रं!” देवला खदखदून हसला. मग पडद्याकडं बघून त्यानं आवाज उतरवला. “चल, भट्टीकडं चल. एक बोलायचं राहिलंय.”

भट्टीपाशी तो उकिडवा बसला. काडीनं माती उकरत राहिला.

“त्या जत्रंत मी होतो, पोरा. तुला सांगायला जीभ उचलत नव्हती. कादर लई तकलीफमधी होता. मी पाणी पाजत होतो. तर मला म्हन्ला, देवला, एवढ्या जणांचे घेतले, माझा कुणी घेतला न्हाई. चाँदला म्हणावं, तू घे.” देवलानं नाक पुसलं. “मी म्हन्लं, आत्ताच घेतो की. फळी आणली. पण माती वाळून दगड झाली होती. त्यानं हात ठेवला. काही उमटलंच न्हाई.”

चाँद उठला, सावलीतलं गोणपाट ओढून काढलं आणि देवलासमोर ते कवेलू धरलं. रोज पाणी शिंपडून त्यानं ते ओलसर ठेवलं होतं.

“हे बघा काका. ह्यो कोणाचा?”

देवलानं निरखून पाहिलं. मग आपला पंजा त्याच्यावर धरला.

“कोण्या पोराचा हाय. कोवळा दिसतो.”

“करंगळी बघा की!”

“करंगळी हाय तशी. पण कादरचा हात केवढा होता! ह्यो तर एक बोट लहान हाय.” तो सहज म्हणून गेला आणि मग त्यानंच बोट लावून पाहिलं. बोट ओल्या मातीत रुतलं. त्यानं ते झटक्यानं मागं घेतलं. “ही माती तर वाळली न्हाई आजून.”

नदीकडून टिटवी ओरडत गेली.

“हे फोडून टाक, चाँद्या,” उठता उठता देवला म्हणाला. कवेलांचं बोलायचं तो विसरूनच गेला.

तो गेल्यावर चाँद ओसरीवर आला. कादरची थापी खिळ्यावरून काढून त्यानं कवेलापाशी नेली, मुठीचे खळगे बोटांच्या ठशांशी ताडून पाहिले. तिरका खळगा बराबर तिरक्या करंगळीपाशी आला. पण बाकी कुठंच जुळेना. ओल्या मातीत उमटलेला हात आधीच वाळलेला होता.

४

मग रोज एक येऊ लागला. रांगेतल्या शेवटच्या कवेलात, भर दुपारी, उन्हात माणूस डोळे उघडू शकत नाही अशा वेळी.

चाँदनं डोकं लढवून पाहिलं. रांगेभोवती चाळलेली राख पसरली. राखेत चिमण्यांच्या पायांच्या रेघा उमटल्या, दुसरं काही नाही. भट्टीच्या आडोशाला बसून पापणी न लववता त्यानं शेवटच्या कवेलावर नजर रोवली. काहीसुद्धा हललं नाही. उचललं तर आत पंजा. आपणच झोपेत करत असू असंही त्याला वाटलं. त्यानं रात्री पायाला दोरी बांधून घेतली, आणि सकाळी दोरी होती तशी होती.

आणि प्रत्येक पंजा आदल्या दिवशीच्यापेक्षा लहान होता.

पहिला एक बोट कमी होता. चौथा मिसरूड न फुटलेल्या पोराचा वाटावा असा. आठवड्यानं आलेला चाँदच्या तळव्यात मावला असता. करंगळी प्रत्येकात तशीच तिरकी. चाँदला आता कळत होतं की हे आटत चाललंय. जिथं कादर होता तिथंही ऊन होतं की काय कोण जाणे, पण भाईचा हात एखाद्या न झाकलेल्या पोळीसारखा दिवसागणिक वाळत होता, आणि थोड्याच दिवसांत उमटायला काही उरणार नव्हतं.

भाजल्याशिवाय कवेलू टिकत नाही, आणि नीट वाळल्याशिवाय ते भाजायचं नसतं. हे त्या घरात पोरांना चालायच्या आधी कळतं. पण चाँदचा धीर सुटला होता. त्यानं सगळे पंजे भट्टीत रचले आणि अम्मा नको नको म्हणत असताना जाळ लावला.

“आरं, ओली हायेत ती! तुझ्या भाईनं कधी असं केलं का?” अम्मा काठी टेकत भट्टीपर्यंत आली. “कशाची घाई हाय तुला?”

“अम्मा, तू घरात जा!”

पहिला आवाज झाला तेव्हा ती अजून तिथंच होती. आतला ओलावा फुटायला लागला की भट्टीत कवेलू बंदुकीसारखं वाजतं. धाड. मग आणखी एक. चाँदनं तोंडावर कापड धरून जाळ ओढायला सुरुवात केली, पण एकामागून एक सगळी फुटली. शेवटच्या आवाजानंतर भट्टी शांत झाली, आणि त्या शांततेत घराच्या छपराखालून जाहेदाची किंकाळी आली.

चाँद धावत पडद्यापाशी गेला.

“काय झालं, भाभी?”

“काही न्हाई.” तिचा श्वास लागला होता. “डोळा लागला होता. वाटलं वरचे समदे हात… काही न्हाई. तुमी जा.”

“काय वाटलं?”

“मिटले,” ती म्हणाली.

राख निवल्यावर त्यानं भट्टी उपसली. बोटाएवढे तुकडे निघाले. एका तुकड्यावर तिरक्या करंगळीचं टोक होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं.

५

दुसऱ्या दिवशी त्यानं एकच कवेलू थापलं.

गाळ तीनदा गाळून घेतला. लीद बोटांनी कुस्करून घातली. कादरच्या थापीनं चोपलं, हाताला फोड आले तरी. छपरातल्या त्या रिकाम्या जागेच्या मापानं कडा कापल्या. रानाच्या मधोमध ते पालथं ठेवून तो त्याच्या शेजारी पोटावर झोपला. वरून ऊन आगीसारखं ओतत होतं. सगळं रान मुकं होतं. नदीवरची पाखरंसुद्धा कुठंतरी सावलीला गेली होती.

“भाई,” तो कवेलाच्या तोंडाशी ओठ नेऊन म्हणाला, “मी आलो बघ. फळी माझ्याकडं दे.”

कवेलाखाली वीतभर अंधार होता. बाहेर एवढं ऊन असताना तो अंधार फार दाट वाटला. त्यातून ओलसर गार वारा येत होता, खोल खणलेल्या जागेतून यावा तसा.

चाँदनं विचार केला नाही. त्यानं उजवा हात आत सरकवला, तळवा वर करून, जसा जत्रेत गर्दीत मागं वळून न बघता भाईसाठी मागं धरायचा तसा.

बराच वेळ काही झालं नाही. मातीचं छत तळव्यापासून बोटभर वर होतं, ओलं आणि गार.

मग कुणीतरी त्याचा हात धरला.

हात लहानसा होता. तान्ह्या लेकराचा असावा इतका. कोरडा होता, खरखरीत, विटेच्या कपरीसारखा. त्याची पाचही बोटं चाँदच्या एकट्या आंगठ्याला धरून राहिली, आणि करंगळी तिरकी टोचत होती. चाँदला रडू फुटलं. त्यानं मूठ मिटून तो हात आत घेतला.

तसा तो हात प्यायला लागला.

दुसरा शब्द नव्हता. कोरडं ढेकूळ पाण्यात टाकल्यावर जसं सूं सूं करत पाणी ओढतं, तसा बारीक आवाज कवेलाखालून येऊ लागला. त्या मुठीत तो हात भरत गेला, मऊ झाला, ऊबदार झाला, मोठा झाला. आधी चाँदच्या बोटांतून बोटं आली, मग त्याच्या बोटांना वेढून गेली. आता धरणारा कोण आणि धरलेला कोण ते उलटं झालं होतं. चाँदनं हात ओढून पाहिला. येईना. गाल मातीला टेकवून त्यानं त्या अंधारात पाहिलं, आणि त्याला मनगट दिसलं, कादरचं मनगट, केसाळ, जाड. ते मनगट सरळ खालच्या जमिनीतून वर आलं होतं. जमीन कुठंच फुटलेली नव्हती.

तो ओरडला की नाही ते त्याला आठवलं नाही. हात सुटला एवढंच कळलं.

कवेलू उलटं केलं तेव्हा आत कादरचा पंजा होता. पुरा. एक बोटसुद्धा कमी नाही. थापीच्या प्रत्येक खळग्याशी जुळणारा.

६

या वेळी त्याला घाई नव्हती. गोणपाट भिजवून, सावलीत, रोज जरा जरा उघडं करत त्यानं ते कवेलू वाळवलं. ते आटलं नाही. त्यानं मंद भट्टी लावली, रात्रभर तिथं बसून राहिला, आणि ते अखंड बाहेर आलं, लालभडक, टिचकी मारली की पितळेसारखं वाजणारं. भाजूनही केसभर कमी झालं नव्हतं.

आपल्या थापीत आपली बोटं सैल पडायला लागली आहेत, हे त्याला पहिल्याच सकाळी कळलं होतं. दर सकाळी ती थोडी जास्त सैल पडायची. नंतर नंतर थापी धरताच येईना. त्यानं उजव्या हाताला चिंधी गुंडाळली. अम्माला सांगितलं, भट्टीचा चटका बसलाय. अम्मानं मलम लावायला चिंधी सोडायचा हट्ट धरला, तर तो तिच्यावर खेकसला. जन्मात पहिल्यांदा.

देवला एकदा रस्त्यावरून जाताना थांबला. “फोडलंस का ते?” त्यानं लांबूनच विचारलं.

“फोडलं, काका.”

“बरं केलंस. हात कशानं बांधलाय?”

“चटका बसला.”

देवला चिंधीकडं बघत राहिला. मग चालू लागला, मागं वळून न बघता, दुखऱ्या गुडघ्यांना जमेल तेवढ्या पटापट.

फोडायचं चाँदच्याही मनात यायचं. रात्री खाटेवर पडून तो चिंधीवरून हात चाचपायचा आणि ठरवायचा, उद्या फोडू. सकाळी कवेलू हातात घेतलं की त्या पंजाच्या रेषा दिसायच्या, तळव्यावरच्या एका जुन्या जखमेचा व्रण दिसायचा, आणि त्याला तेच आठवायचं, वाळून दगड झालेल्या मातीवर ठेवलेला हात, काही न उमटलेला.

आभाळ भरायला लागलं तशी अम्मानं घाई केली. पाऊस यायच्या आत छप्पर बुजवायला हवं होतं. चाँद शिडीनं वर चढला आणि डाव्या हातानं ते कवेलू रिकाम्या जागेत बसवलं. ते असं बसलं की जणू छप्पर त्याच्यासाठीच बांधलं होतं. खाली उतरून त्यानं आत पाहिलं. खाटेच्या बराबर वर, सगळ्या लहान लहान हातांच्या मधे तेवढा एकच हात माणसाएवढा होता.

घामानं चिंधी भिजून गळून पडली होती. त्याला कळलं नाही. ऊन फार होतं आणि तहान लागली होती. तो ओसरीवर येऊन पडद्यापाशी बसला, आणि रोजच्या सवयीनं, डाव्या हातानं पाणी घेऊ नये हे अंगात मुरलेलं होतं म्हणून, त्यानं उजवा हात पडद्याखाली केला.

आतून तांब्या सरकला. थांबला.

मग जाहेदा बोलली. गेल्या कित्येक दिवसांत तिचा आवाज इतका मऊ झाला नव्हता.

“अगं बाई! एवढासा हात.” पडद्याआड तिच्या कपड्यांची सळसळ झाली, ती वाकली असावी. “कोणाचं लेकरू रं तू? आणि एकटंच आलंस का? वाटंत आमचे चाँद दिसले का तुला?”

वर, खाटेवरच्या छपरात, थापी बराबर पडल्याचा आवाज झाला. थप्.

चाँदनं त्या तांब्याला बोटं घातली. ती तांब्याच्या गळ्याभोवतीसुद्धा पुरली नाहीत.